पारोशांचा दवाखाना

नवी पेठेच्या मागच्या बोळात, कापडदुकानांच्या पाठीला पाठ लावून, एक दवाखाना होता. दारावर पाटी होती: "आंघोळ करून येऊ नये. अंगाला काही फासून येऊ नये. आल्यास परत पाठवण्यात येईल." डॉक्टरांचं नाव, पदवी, वेळ, काही नाही. एवढं लिहिल्यावर पाटीवर जागाच उरली नाही, असं ते सांगत.

डॉक्टर कातडीचे होते. सोलापुरात तेव्हा दुष्काळाची वर्षं सरत होती, नळाला पाणी कधी यायचं ते नळालाही ठाऊक नसायचं. एरवी डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य आपल्याकडे कोण पाळतो? पण हे पथ्य पाळायला खुद्द नळ मदत करत होता. तरीही लोक पाळत नसत. डॉक्टरकडे जायचं म्हणजे पाहुण्यांकडे जाण्यासारखंच. माणूस शेजाऱ्याकडून दोन बादल्या उसन्या आणील, पण घासूनपुसून आंघोळ करील, खोबरेल चोपडील, वर पावडर थापील आणि इस्त्रीचा सदरा घालून बाकावर बसेल. ज्या कोंड्यावरून रोग ओळखायचा तो कोंडा तोवर मोरीतून वाहून गेलेला.

"पुरावा धुऊन आलास," डॉक्टर ओरडत, "आणि आता म्हणतोस चोर पकडा!"

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा नुकती डॉक्टर झाले होते. नवऱ्याची पुण्याहून बँकेत बदली झाली, मी मागोमाग आले. डॉक्टरांना एक बाई डॉक्टर हवीच होती, कारण अर्ध्या बायका डाग दाखवायला लाजून तशाच परत जात. पहिल्या दिवशी मी चांगली न्हाऊनमाखून, चाफ्याचं फूल माळून गेले. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही पेशंट असता तर परत पाठवलं असतं. डॉक्टर आहात म्हणून बसा."

स्वतः मात्र ते दवाखान्यातून निघताना मागच्या न्हाणीत डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरी जात नसत. घरी त्यांच्या बायकोचा तसा कडक कायदा होता. तिथे त्यांची एक पाटी चालत नसे.

दिसायला उंच, वाकलेले, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. टेबलावर एक जुना सूक्ष्मदर्शक. पेशंटचा डाग बोथट पात्यानं खरवडायचा, कोंडा काचेवर घ्यायचा, त्यावर पोटॅशचा थेंब टाकून काच जराशी शेकायची आणि डोळा लावायचा. बुरशी असली तर तिचे बारीक फाटे फुटलेले धागे दिसत. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतले मागवाले सायकली बोळात लावून यायचे; घामाने भिजलेले, जांघा आणि काखा नायट्याने सोललेल्या. डॉक्टर त्यांना बोलावून काच दाखवत. "बघ, तू दिवसभर चादरी विणतोस आणि तुझ्या अंगावर दुसऱ्याच कुणी माग मांडलाय. त्याला तर वीजही लागत नाही." मागवाला डोळा लावायचा, "लई बारीक सूत हाय की सायेब," म्हणायचा आणि त्या सुताकडे कौतुकाने बघत राहायचा. धंद्याची माणसं, चांगलं काम ओळखणारी.

सोलापुरात कानडी, तेलुगू, दखनी, मराठी अशा चार भाषांत खाजवतात, असं ते म्हणत. येणाऱ्याला कानडीत "बर्री, कुंदर्री", या, बसा, म्हणून बसवायचे आणि मग चारही भाषांत रागवायचे.

त्यांचा खरा राग एकाच गोष्टीवर होता. स्टेरॉइडच्या मलमांच्या ट्यूबा तेव्हा दुकानादुकानांत नव्याने मिळायला लागल्या होत्या. नायट्यावर लावली की दोन दिवसांत खाज बंद, लाली बंद. माणूस खूश, आणि आत बुरशी त्याहून खूश. ती ट्यूब मग नवऱ्याकडून बायकोकडे, बायकोकडून नणंदेकडे, असं लोणच्याच्या बरणीसारखं घर फिरायची. पेशंटच्या खिशात ट्यूब सापडली की डॉक्टर ती जप्त करायचे, शेपूट कात्रीने कापायचे आणि आतलं मलम दवाखान्याच्या बिजागऱ्यांना फासायचे. "सूज उतरते म्हणतात ना? बघू, दाराची उतरते का." आमच्या दवाखान्याइतकं बिनकुरकुरीचं दार अख्ख्या नवी पेठेत नव्हतं. औषध कंपन्यांचे पोरगेसे प्रतिनिधी नमुन्याच्या ट्यूबा घेऊन यायचे, दार किती अलगद उघडलं म्हणून खूश व्हायचे, आणि कशाने ते कळल्यावर परत यायचे नाहीत.

"अंगाला एक राखणदार असतो," ते मला सांगत. "खाज, लाली, सूज म्हणजे त्याचं भुंकणं. लोकांना भुंकणं नको असतं. म्हणून ते राखणदारालाच गुंगी देतात आणि म्हणतात, बघा, किती शांत झालं!"

दुसरा त्यांचा दोष म्हणजे त्यांना खोटं बोलता येत नसे. येत नसे म्हणजे, तत्त्व वगैरे काही नव्हतं. काही लोकांना शीळ घालता येत नाही तसं. लग्नाळू मुलीच्या हातावर डाग असला की मुलाकडची मंडळी चौकशीला यायची. "तसं अंग निरोगी आहे ना मुलीचं?" एखादा दुसरा डॉक्टर हसून हो म्हणाला असता. हे म्हणत, "मुलीला नायटा आहे, महिन्यात जाईल. आता मुलाला पाठवा, त्याचंही बघतो." बरीच लग्नं मोडली. काही मोडायला हवीच होती, हे त्यांचं म्हणणं. मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्याने "डॉक्टर, जगेन ना?" विचारलं तर ते भिंतीकडे बघत गप्प बसायचे, आणि म्हातारा काय ते समजायचा. मला त्यांच्या या खरेपणाचा संताप यायचा. माणसाला चार दिलाशाचे शब्द द्यायला काय पैसे पडतात, असं मी एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "पैसे पडत नाहीत म्हणूनच त्यांना किंमत नसते."

अशा माणसाकडे एका सकाळी मल्लिनाथ पुजारी आला.

अक्कलकोटच्या अलीकडच्या एका खेड्यात महादेवाचं देऊळ होतं, पूजेची पाळी पिढ्यान्‌पिढ्या या घराकडे. वय असेल पंचेचाळीस. गाल फुगलेले, पोट सुटलेलं, आणि हातपाय मात्र काड्या. बरोबर बायको, गंगव्वा. अंगरखा काढला तर गळ्यापासून मांड्यांपर्यंत फिकट, अस्ताव्यस्त चट्टे, एकात एक मिसळलेले. आणि या सगळ्यावर भस्म. सकाळची आंघोळ करून, कपाळापासून बेंबीपर्यंत भस्माचे पट्टे ओढूनच तो एसटीत बसला होता.

डॉक्टरांनी पाटीकडे बोट केलं. "उद्या बिनआंघोळीचे या."

पुजाऱ्याने कानांवर हात ठेवले. "सायेब, मुंज झाल्यापास्नं पारोसा उंबरा वलांडला न्हाय. मेलो तरी चालंल."

"पारोसा देवापुढं जाऊ नका. मी देव नाही, मला चालतं."

"मला न्हाय चालत."

दोघेही हट्टी. मधे गंगव्वा रडायला लागली. गावात बोभाटा झाला होता की पुजाऱ्याला महारोग झाला. पंचांनी निरोप धाडला होता: पुढच्या सोमवारी पाळी सुरू होते, तोवर काय ते ठरवा, रोग चिकटणारा असला तर पाळी चुलतभावाकडे जाईल आणि परत येणार नाही. डॉक्टरच्या तोंडून स्वतः ऐकायला पंच येणार होते. "पाळी गेली तर आमी खायाचं काय? आन्‌ ह्ये तर पूजेबिगर मरूनच जातील," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुजाऱ्याचे डोळे झाकले आणि कापसाची वात करून चट्ट्याचट्ट्यावर फिरवली. जिथे फिरवली तिथे पुजारी "हितं" म्हणाला. एक जागा चुकली नाही.

"महारोग नाही. त्यात डागावरची जाणीव जाते. तुम्हांला तर मुंगीसुद्धा कळेल."

मग भिंग घेऊन त्यांनी भस्म न पोचलेली जागा शोधायला सुरुवात केली आणि ती कमरेला, करदोड्याच्या खाली सापडली. तिथला चट्टा सगळ्यांत जुना, जाड, आणि कोंडा भरपूर. काच शेकली, डोळा लावला, आणि मला बोलावलं. इतके धागे मी आजवर एका काचेवर पाहिले नव्हते.

साधा नायटा. पण साधा नायटा इतका पसरत नाही. डॉक्टर पुजाऱ्याच्या गालांकडे बघत राहिले आणि एकदम गंगव्वाकडे वळले. "हे कशाची पुडी खातात?"

दम्याची. बाजाराच्या दिवशी पिंपळाखाली एक माणूस बसायचा, त्याच्याकडची पांढरी पुडी. चार वर्षं झाली. पुडी घेतली की दमा गप्प. "लई गुनाची पुडी हाय," पुजारी म्हणाला.

गुणाची होतीच. स्टेरॉइडच्या गोळ्या साखरेत कुटल्या की गुण येणारच. त्या पुडीने दमा झोपवला, आणि दम्याबरोबर राखणदारही. कमरेवरच्या चार बोटांच्या नायट्याला मग अडवायला कुणी उरलं नाही. खाजही फारशी नाही, कडा लाल नाहीत, म्हणून तो नायट्यासारखा दिसेना आणि गावाने त्याला भलतंच नाव दिलं.

मग डॉक्टर सुटले. त्या पुडीला, पुडीवाल्याला, पिंपळाला, त्यांनी चार भाषांत जे काही म्हटलं ते बाहेरच्या बाकावरचे लोक उभं राहून ऐकत होते. विष आहे विष, म्हणाले. आतून पोखरणारं विष. पुजारी हात जोडून ऐकत होता.

आणि एवढं झाल्यावर त्यांना खुर्चीत बसून तेच औषध स्वतःच्या हाताने द्यावं लागलं. चार वर्षं बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. पुडी एकदम तोडली तर माणूस कोसळतो. बिजागऱ्यांना स्टेरॉइड फासणारा हा माणूस मान खाली घालून त्याच्याच गोळ्या मोजत होता. बुरशीच्या गोळ्या वेगळ्या दिल्या, तुपाबरोबर घ्यायला सांगून. "आणि ही पांढरी रोज सकाळी. बंद करायची नाही. मी सांगेन तेव्हा, सांगेन तेवढीच कमी करायची." हे त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. पण विषाचं बोलणं पाव तास चाललं होतं आणि हे एका दमात संपलं.

शनिवारी पंच आले. पाच जण, पाटील पुढे. पुजारी दाराशी उभा.

"महारोग हाय का?" पाटलांनी विचारलं.

"नाही."

पुजाऱ्याने डोळे मिटून हात जोडले. पण पाटील पक्के होते. "मग ज्ये काय हाय, त्ये चिकटतं का?"

मी डॉक्टरांकडे पाहिलं. एक शब्द. नाही म्हणाले असते तर त्या घराचं अन्न वाचत होतं, आणि उपचार तर चालूच होता.

"चिकटतं," डॉक्टर म्हणाले. "महारोगापेक्षा पुष्कळ जास्त."

त्या क्षणी मला त्या माणसाची किळस आली, खरंच सांगते. पाटील उठायला लागले.

"बसा. चिकटतं म्हणजे कुठून तरी चिकटलं असेल ना? गाभाऱ्यात जाताना हे काय नेसतात?"

"मुकटा. रेशमी सोवळं."

"यांचा स्वतःचा?"

"देवाचा. देवळात खुंटीला असतो. आभिषेकाला ज्यो आत जाईल त्यो नेसतो."

"तुम्हीही?"

"आमी बी. मानाचे पाच हाओत."

"धुता कधी?"

पाटील हसले. शहरातल्या माणसाचं अज्ञान बघून हसतात तसे. "रेशीम ववळं होत न्हाय, डाक्टर. माज्या आज्याच्या टायमाचा मुकटा हाय. त्याला पानी लागलेलं न्हाय."

"रेशीम ओवळं होत नसेल. आत नेसणारा माणूस असतो ना! वर अंग ओलं, आत कोंदट, आणि गाठ बरोबर इथं." त्यांनी भिंगाने पाटलांच्या कमरेकडे दाखवलं. पाटलांचा हात नेमका तिथेच होता. खाजवत होता असं मी म्हणणार नाही. पण विसावलेलाही नव्हता. "पडद्यामागं या. एकेक जण. डॉक्टरीणबाई, तुम्ही तिकडे तोंड करा."

मी तिकडे तोंड केलं. पडद्यामागून बराच वेळ धोतरांची सळसळ आणि "हं... हं..." एवढंच ऐकू येत होतं. मग काचा. पाचांपैकी चौघांच्या कमरेला तेच धागे. पाचवे मुकट्याखाली लंगोट घालत. पाटलांनी स्वतः डोळा लावून आपलं सूत पाहिलं आणि बराच वेळ उठेनात.

"म्हंजी... आमच्याकडनं यास्नी?" ते हळूच म्हणाले.

"मुकट्याकडून सगळ्यांना. तुमचे राखणदार जागे होते, म्हणून तुमचं कमरेवर थांबलं. यांचा झोपला होता."

पाळी पुजाऱ्याकडेच राहिली. कायदाच तसा झाला: चिकटतं म्हणून काढायचं तर मानाचे चारही काढावे लागत होते. मुकटा गंगेला अर्पण करायचं ठरलं, प्रत्येकाने स्वतःचं सुती धोतर उकळून, कडक वाळवून नेसायचं ठरलं, आणि बरा होईपर्यंत पुजाऱ्याने उघड्या अंगाने पूजा न करता वर धुतलेलं उपरणं घ्यायचं ठरलं. जाताना पाटलांनी डॉक्टरांना नमस्कार केला; पण पाठ करून दारातून बाहेर पडताना कंबर झाकून घेतली.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

आठवड्याने भर दुपारी गावची जीप दारात थांबली. पुजाऱ्याला उचलून आणलं होतं. ओकाऱ्या, थंडगार घाम, नाडी हाताला लागेना. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी वर केली आणि गंगव्वाला विचारलं, "पांढरी गोळी?"

ती आनंदाने सांगावं तसं म्हणाली, "ती तर हितनं गेल्या गेल्या सोडली की! पुड्या बी हिरीत टाकल्या. देवाला हात लावून आन घेतली ह्यांनी. तुमी विष म्हनलासा न्हवं?"

"मी गोळी बंद करू नका म्हणालो होतो."

"पर रंग त्योच हाय, चव बी तीच. ह्ये म्हनले, सायेब पयल्यांदा मनातलं बोलले, मागनं आपली समजूत घातली."

डॉक्टरांनी सलाईन लावलं, शिरेतून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, आणि त्याच्या मनगटावर बोटं ठेवून स्टुलावर बसून राहिले. बाहेरचे पेशंट मी पाहिले. मधेच आत गेले तर ते स्वतःशीच म्हणत होते, "शिव्या मोठ्यानं दिल्या. सांगायचं ते हळू सांगितलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला काय करावं कळेना, म्हणून मी सलाईनचा थेंब पाहिल्यासारखं केलं.

संध्याकाळ व्हायच्या आत पुजारी बोलायला लागला. दिवस उलटतील तसं इंजेक्शन थांबवून गोळीवर यायचंच होतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पांढरी गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. पुजाऱ्याने गोळीकडे पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं.

डॉक्टरांनी समजावलं. राखणदार, शरीराची सवय, हळूहळू कमी करणं. हळू आवाजात, तीनतीनदा. मीही समजावलं. पुजारी मान हलवत होता, समजत होतं, पण देवाला हात लावून शपथ घेतलेली. विष तोंडात घालणार नव्हता. त्यापेक्षा मरण बरं. पारोसा उंबरा न ओलांडणारा माणूस तो, त्याच्या नाहीचा अर्थ नाहीच होता.

शेवटी त्याने डॉक्टरांचा हात धरला. "सायेब, तुमी पाटलापुढं बी खोटं बोलला न्हाईत. माझी पाळी जात हुती तरी बोलला न्हाईत. तुमी सांगा, मी मानतो. ही गोळी तीच हाय का?"

डॉक्टर भिंतीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हे गप्प बसणार. आणि हा समजणार.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "ही वेगळी आहे."

"द्येवाशप्पत?"

"देवाशप्पथ."

पुजाऱ्याने आ केला. डॉक्टरांनी गोळी स्वतःच्या हाताने त्याच्या जिभेवर ठेवली.

पुढे वर्षभर ते खोटं चालू ठेवावं लागलं. दर पंधरवड्याला पुजारी यायचा, "ही बी येगळीच न्हवं?" विचारायचा, डॉक्टर हो म्हणायचे आणि गोळी थोडी कमी करायचे. चट्टे गेले. गाल उतरले. दमा अधूनमधून भुंकायचा, त्याला साधी औषधं पुरली. शेवटची गोळी संपली त्या दिवशी पुजाऱ्याने नारळ आणला आणि बाहेर बाकावर बसला. सांगोल्याकडचा एक धनगर डॉक्टरांचं खरं धरावं का, म्हणून कुरकुरत होता. पुजारी त्याला सगळा बोळ ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "इस्वास ठेव गड्या. ह्यो मानूस जीव ग्येला तरी खोटं बोलनार न्हाय. म्या पारखलंय."

आत डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. मी काच काढून घेतली तरी त्यांनी डोळा वर केला नाही.